कोल्हापूरची गाडी आणि न्हाणीतली कुर्ली

आमच्या शेजारचे काका एक अख्खा पावसाळा आणि वर थोडी दिवाळी माझ्या एका पाहुणीची वाट पाहत होते. ही पाहुणी कोल्हापूरहून एसटीने निघाली होती, आंबा घाटात दरडीत अडकली होती, मग साखरप्याला बरेच दिवस मुक्काम ठोकून होती आणि रत्नागिरी स्टँडला काही केल्या पोचत नव्हती. काका पोस्टातून निवृत्त झालेले, स्वभावाने सज्जन. एवढे दिवस ही बाई साखरप्याला करते काय, असं त्यांनी कधी विचारलं नाही. फक्त एकदा मधल्या दगडी गडग्यापलीकडून म्हणाले, "चालत निघाली असती तरी पोचली असती गो एव्हाना."

पाहुणी म्हणजे माझ्या उजव्या हातातली नस. आणि तिच्या एसटीचं वेळापत्रक चालवत होत्या माझ्या घरमालकीणबाई.

बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. समुद्रातल्या बिनकण्याच्या प्राण्यांच्या चेतापेशी, आणि त्या तुटल्यावर पुन्हा कशा वाढतात, हा त्यांचा विषय. कुणाला क्रिकेट असतं, कुणाला देव असतो, बाईंना हे होतं. मी कोल्हापूरची, इथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायला आलेली. जागा बघायला गेले तेव्हा लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, पाणी किती लागतं, यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. मला खुर्चीत पायावर पाय टाकून बसवलं आणि गुडघ्याखाली पळीच्या दांड्याने टक् केलं. माझा पाय उडाला आणि त्यांच्या हातातल्या चहाच्या कपाला लागला. "उत्तम," साडीवरचा चहा झटकत त्या म्हणाल्या, "वरची खोली तुझी."

ही परीक्षा सगळ्यांनाच होती. गॅसवाला तर सिलेंडर आत ठेवला की आपण होऊन खुर्चीत बसून पाय पुढे करायचा. तो म्हणायचा की या गल्लीत एवढंच एक घर आहे जिथे माझी कुणीतरी चौकशी करतं.

घरात दोन न्हाण्या होत्या. एक माणसांची. दुसरीत निळे टब, हवेचे गुरगुरणारे पंप आणि बाईंचं खरं कुटुंब: तारामासे, खडकावरून आणलेली समुद्रफुलं, वाळूतले केसाळ किडे आणि कुर्ल्या, म्हणजे इकडचे खेकडे. या सगळ्यांना खारं पाणी लागायचं. ते आणायला बाई भरतीची वेळ साधून स्कूटरवरून भाट्याच्या समुद्रावर जात आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवून परत येत. कॅनची झाकणं हरवलेली असत, त्यामुळे भर उन्हाळ्यात रेनकोट घालून स्कूटर चालवणारी रत्नागिरीतली एकमेव बाई म्हणून त्या प्रसिद्ध होत्या. अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली. ती शोधण्यात त्यांचा दिवसातला बराच वेळ जाई.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "कणा मिळाला आणि शेफारले," त्या म्हणत. "सगळं नेऊन एका डोक्यात कोंबलंय. तारामाशाचं बघ. तोंडाभोवती एक कडं आणि प्रत्येक हातात एक दोर, एवढाच त्याचा सगळा कारभार. डोकंच नाही, तर फिरेल काय?" कुणी 'मला टेन्शन आलंय' म्हटलं की त्या गंभीरपणे विचारीत, "कुठल्या पेशीला?" याचं उत्तर कुणाकडेच नसे. ते आठवण्याच्या नादात टेन्शन मात्र जाई.

मी एकदा त्यांना आमच्या शाळेत प्रमुख पाहुण्या म्हणून नेलं. विषय होता यशाची वाटचाल. बाईंनी हार बाजूला ठेवला, अंबाड्यातली पेन्सिल सापडेपर्यंत मुलांना थांबवलं आणि म्हणाल्या, "कुर्लीचा डेंगा, म्हणजे पुढची मोठी नांगी, शत्रूच्या तोंडात सापडली तर कुर्ली काय करते? ओढत बसत नाही. तो डेंगा स्वतःच मुळातून सोडते आणि पळते. कुठे तुटायचं ती जागासुद्धा तिच्या अंगात ठरलेली असते. जखम लगेच बंद होते, तिथे कोंब येतो, कोंबात नवा डेंगा घडी घालून तयार होतो आणि कात टाकली की उलगडतो. आता सांगा, संकट आलं तर तुम्ही काय सोडाल?" सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गणित." बाईंनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मागून अख्ख्या शाळेने वाजवल्या. आमचे गणिताचे सर पुढे बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते.

मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात त्यांचा वेगळाच दरारा होता. बाकीच्या बायका कुर्ली उलटीपालटी करून दोन्ही डेंगे सारखे आहेत का ते बघतात. बाईंना एक डेंगा मोठा आणि एक बारका अशीच कुर्ली हवी असे. बारका म्हणजे नव्याने उगवलेला. इतर गिऱ्हाइकांनी नाकारलेल्या अशा कुर्ल्या तिथल्या मासेवाल्या मावशी त्यांच्यासाठी टोपलीखाली राखून ठेवायच्या. "ही बाईंची कुर्ली हाय, तुमाला नाय भेटायची," असं त्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना ठसक्यात सांगत, आणि मग त्या गिऱ्हाइकांनाही तीच हवीशी वाटे. घरी आणल्यावर बाई तो बारका डेंगा भिंगाखाली बघत, त्यातली नस कुठवर गेलीय ते चिमट्याने शोधत, आणि अभ्यास झाला की कुर्लीचं कालवण करत. विज्ञान आणि नारळ यांच्यात त्यांनी कधी भांडण लागू दिलं नाही. न्हाणीतली कुर्ली शेवटी पातेल्यात जाते, हा त्या घराचा नियमच होता. पुढे जे झालं त्यात म्हणूनच कुणाचा दोष काढता येत नाही.

त्या पावसाळ्यात शाळेतून येताना चिऱ्याच्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून माझा पाय घसरला. शेवाळ होतंच, घाईही होती. दंडाचं हाड मोडलं. हाड बसवलं, पण त्याला वेढा घालून खाली उतरणारी नस चेपली गेली होती, आणि माझा उजवा हात मनगटापासून लोंबायला लागला. नमस्कार करायला गेले की एक हात नमस्कार करी आणि दुसरा 'जाऊ द्या हो' म्हणे. ब्रश धरला तर त्याचं टोक कागदाकडे न बघता माझ्याकडेच बघे. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत वाट पाहू. तोवर मनगट उचललं नाही तर दुसरा एक स्नायू वळवून तिथे जोडावा लागेल. कामापुरतं मनगट उचलेल. बारीक कामाचं मात्र सांगता येत नाही.

बारीक काम म्हणजे माझं सगळं आयुष्य होतं. मला दुसरं काहीही येत नाही. स्वयंपाकसुद्धा मी रंग बघून करते. चित्र काढता न येणारी चित्रकलेची बाई कशी दिसेल या विचाराने मी घाबरून गेले आणि बाईंच्या ओटीवर बसून ढसाढसा रडले.

बाईंनी माझा लोंबता हात उचलून पाहिला, सोडला, परत उचलला. "रेडियल नस!" त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू माझं लग्न ठरलं होतं.

"बाई, हे कधी बरं होणार?"

"तू कोल्हापूरची ना? मग ऐक. मानेत कोल्हापूर. दंडात आंबा घाट. तिथे दरड कोसळलीय. कोपराखाली साखरपा, मग पाली, मग हातखंबा, आणि मनगट म्हणजे रत्नागिरी स्टँड. गाडी निघालीय. पण ती धावत नाही गो, ती वाढत येते. केस वाढतात तशी. रस्ता शाबूत आहे, तेव्हा येणार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून एक तरणी कुर्ली आणली. तिचा उजवा डेंगा नुकताच गेला होता. "ही स्पर्धक एक," टबात सोडताना त्या म्हणाल्या, "आणि तू स्पर्धक दोन. बघूया कोण आधी पोचतं." एकाच घरात, एकाच वेळी, उजव्याच बाजूच्या दोन नसा वाढायला निघाल्या आहेत, या योगायोगाने त्या इतक्या हरखल्या की त्या दिवशी गॅसवाल्याचे दोन्ही गुडघे तपासले गेले.

तेव्हापासून रोज सकाळी जिन्याखालून हाक येई, "कुठपर्यंत आली?" मी खाली जाई. बाई अंबाड्यातली पेन्सिल काढून माझ्या हातावर वरून खाली टक् टक् करत येत. नसेचं वाढतं टोक जिथे असेल तिथे टक् केलं की हाताच्या पाठीला मुंग्या येतात. मुंग्या आल्या की मी ओरडे, "साखरपा!" बाई ओरडत, "साखरपा! शाब्बास!" आणि गडग्यापलीकडे काका चहाचा कप घेऊन मान हलवत.

तपासणी झाली की बाई माझी वेणी घालत. एका हाताने वेणी घालता येत नाही हे त्यांच्या आपणहून लक्षात आलं होतं. वेणी त्या भयंकर घालत. अशीच एकदा वेणी घालताना म्हणाल्या, "तुझ्यात आणि कुर्लीत एक फरक आहे. माणसाची नस तुटली की पुढचा तुकडा मरतो. मग मागून नवा वाढावा लागतो. कुर्लीच्या नसेचा पुढचा तुकडा आपल्या पेशीपासून तुटला तरी महिनेच्या महिने जगू शकतो."

"कशावर जगतो?"

"शेजारणींवर. आजूबाजूला आधारपेशी असतात, त्या त्याला डबा पोचवतात. मूळ घर तुटलंय ना त्याचं, मग त्या बघतात." एवढं बोलून त्यांनी माझ्या केसांची गाठ कंगव्यासकट ओढली. वर खोलीत माझ्या टेबलावर त्यांचाच डबा होता, सकाळचा, आमटीभाताचा. मला एकदम भरून आलं. गाठीमुळे डोळ्यांत पाणी आलं असं समजून त्यांनी कंगवा बदलला.

बाबा फोनवर सारखे म्हणत होते, परत ये, रजा टाक, इथे मोठे डॉक्टर आहेत. एकदा बाईंनी माझ्या हातून फोन घेतला. "गाडी वाटेत असताना प्रवाशाला उतरवू नये," म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. बाबांनी मला परत फोन करून विचारलं, या बाई एसटीत होत्या का?

दसऱ्याला स्पर्धक एकने कात टाकली. बाईंची किंकाळी ऐकून मी धावले. टबात रिकामं कवच पडलं होतं आणि शेजारी मऊ, फिकट कुर्ली, उजवीकडे एक इवलासा नवा डेंगा घेऊन. करंगळीएवढाच, पण बंद होत होता, उघडत होता. बाई त्या ओल्या न्हाणीत अक्षरशः नाचल्या. साडीचा काठ टबात, पंपाची वायर पायात. मलाही ओढलं. मी दोन गिरक्या घेतल्या आणि मग माझ्या लोंबणाऱ्या हाताकडे माझं लक्ष गेलं. कुर्ली पोचली होती. मी अजून पालीला होते. मी वर गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हाक आली तेव्हा मी खाली गेले नाही. थोड्या वेळाने बाई वर आल्या. समजूत घालणं त्यांना अजिबात येत नसे. माझ्या कॉटच्या कडेला बसून त्यांनी आधी स्वतःच्याच गुडघ्यावर टक् करून पाहिलं. मग म्हणाल्या, "शर्यत लावली हे माझं चुकलं. तिचा रस्ता बोटभर, तुझा हातभर. मी विद्यार्थ्याला अशा चुकीसाठी वर्गाबाहेर काढलं असतं." आणि खरोखरच उठून खोलीबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. दाराआडून त्यांचा आवाज आला, "मला ना, खूप आनंद झाला की दुसऱ्याचं दिसत नाही. लहानपणापासून असंच आहे."

त्या दिवसापासून त्यांनी हाक मारणं बंद केलं. वेणी घालत, डबा देत, पण पेन्सिल अंबाड्यातून काढत नसत. सकाळ अगदी सुनी वाटे. शेवटी काकांनीच मला फाटकाशी गाठून हळूच विचारलं, "पाहुणीचा काय बरावायट नाय ना झाला?" मी म्हटलं, नाही काका, आहे वाटेवर. म्हणताना माझाच त्यावर विश्वास नव्हता.

दिवाळी आली आणि गेली. डॉक्टरांकडे जायचा दिवस उद्यावर आला. बाबा संध्याकाळच्या गाडीने यायचे होते. ऑपरेशन कोल्हापुरात करायचं आणि मग मी तिथेच राहायचं, असं जवळजवळ ठरलंच होतं. मी सकाळीच पिशवी भरून ठेवली. आणि त्याच दिवशी जयगडहून बाईंच्या वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जहाजावर होते, त्यामुळे संसार त्यांनी एकटीने हाकलेला. घरात शिरल्या की पदर खोचून थेट चुलीपाशी जायच्या. बाई पाणी आणायला भाट्याला गेल्या होत्या, मी वर होते. खाली आले तर सगळ्या घरात कालवणाचा वास सुटला होता, आणि दुःखात असूनही मला कडकडून भूक लागली.

बाई रेनकोटातच येऊन बसल्या. वहिनींनी वाढलं. मी नेहमीसारखा डाव्या हातात चमचा घेतला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"डाव्या हातान जेवतंस? नि कुर्ली चमच्यान?"

"वहिनी, तिचा हात..." बाई म्हणाल्या.

"म्हायत हाय. फोनवर तूच सांगितलंस ना. सांडला तर सांडला गो, मी पुसून काढीन. ता काढ, हाताचा लाकूड."

लाकूड म्हणजे मनगटाला आधार देणारी माझी पट्टी. ती बांधून कुर्ली खाता येत नाही, हे ज्याने कुर्ली खाल्ली आहे त्याला सांगायला नको. मी पट्टी सोडली. बोटांत नांगी धरता येत होती, पण हात लोंबायचा, म्हणून मी तोंडच ताटाकडे नेलं. चव अशी होती की मला कशाचीच लाज उरली नाही.

बाईंनी रस्सा चाखला, मान डोलावली, ताटातला एक तुकडा उचलला आणि थांबल्या. तो डेंगा होता. इवलासा, करंगळीएवढा, शिजून तांबडालाल झालेला.

"वहिनी," बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "ही कुर्ली कुठची?"

"दोन मी जयगडसून आणलेल्या. पुरायच्या नायत वाटलं, म्हणून न्हाणीतली एक टाकली. तुझ्याकडे असतेच की नेहमी."

न्हाणीतला पंप रिकाम्या टबात गुरगुरत होता. बाईंचा चेहरा मी पाहिला नाही, मला धीरच झाला नाही. वहिनींच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय झाला गो? आजारी होती काय ती?"

बाईंनी डेंगा दाताखाली धरला आणि कटकन फोडला. आतला भाग डोळ्यांपाशी नेला. भिंगासाठी एका हाताने पदर चाचपला, ते सापडलं नाही, मग उजेडाकडे वळल्या.

"भरलाय," त्या पुटपुटल्या. मग जरा मोठ्याने म्हणाल्या, "भरलाय गो! टोकापर्यंत मांस भरलंय. नस पोचल्याशिवाय एवढं मांस धरत नाही. पोचली होती ती. पूर्ण पोचली होती." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. शास्त्रीय निरीक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी ते निरीक्षण खाल्लं. चावून झाल्यावर म्हणाल्या, "गोड होती."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "म्हणजे ही पाळलेली होती? अरे देवा, मी नणंदेचं पोर शिजवलं."

यावर मला जे हसू फुटलं ते आवरेना. चार महिन्यांचं सगळं साचलेलं त्यात होतं. वहिनी रडवेल्या, बाई रेनकोटात हसत रडत, आणि मी एका हाताने पोट धरून, दुसऱ्या हातातली नांगी तोंडाशी नेऊन, मध्येच चोखत, परत हसत. आणि एकाएकी बाई ताटावरून पुढे वाकल्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"हलू नको," त्या म्हणाल्या. "हात खाली ठेवू नको. तसाच धर."

मी पाहिलं. बोटं अजून अर्धवट वाकलेली होती, थोडी थरथरतही होती. पण मी पाठ ताठ करून बसले होते, नांगी माझ्या तोंडाशी होती आणि मनगट वर होतं. कुणीही धरलेलं नसताना वर होतं. ते केव्हा उचललं मला कळलंही नव्हतं.

बाईंनी अंबाड्यात हात घातला. त्या दिवशी पेन्सिल पहिल्या झटक्यात सापडली. कालवणाच्या हाताने त्यांनी माझ्या मनगटाच्या जरा वर टक् केलं. अंगठ्याच्या मुळाशी मुंग्यांचा नुसता लोट उठला.

"कुठपर्यंत आली?" दसऱ्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी विचारलं.

"स्टँड," मी म्हणाले.

वहिनींना काहीच कळलं नव्हतं, पण त्यांनी घाईघाईने माझ्या ताटात आणखी एक नांगी वाढली आणि म्हणाल्या, "मग खा. उचल परत." मी उचलली. परत ठेवली. परत उचलली. बाई दर खेपेला श्वास रोखून बघत होत्या, आणि मनगट दर खेपेला, डुगडुगत का होईना, वर येत होतं.

बाहेर गडगा खरवडल्याचा आवाज आला. काका पलीकडून टाचा उंचावून खिडकीत डोकावत होते.

"हसताव काय एवढा? पाहुणी आली वाटतं कोल्हापूरची?"

बाईंनी डोळे पुसले. रस्सा गालभर लागला.

"आली हो काका," त्या खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "आत्ताच आली. जेवायला बसलीय."